ड्रॅगन चालेल, पण त्याच्या मेंढ्या कोण राखतो?

एकमेकांवर टपलेले सरदार, बंदी घातलेली जादू आणि वर आभाळात ड्रॅगन, अशा हजारपानी फँटसी कादंबरीवर चर्चा सुरू झाली की ती हमखास एकाच खड्ड्यात जाऊन पडते. कोणीतरी विचारतं, चाळीस हजारांची फौज बर्फाच्या खिंडीतून महिनाभर चालली, तर ती खात काय होती? लगेच उत्तर येतं, "अहो, ड्रॅगन उडतात ते तुम्हाला चालतं आणि भाकरीचा हिशेब हवा?" हशा पिकतो, विचारणारा गप्प बसतो. दुसऱ्या बाजूला असतात तलवारीचं वजन आणि चिलखताच्या कड्या मोजणारे. मध्ययुगात असं नव्हतंच, म्हणून कादंबरी बाद, हा त्यांचा निकाल. दोन्ही पक्षांनी एक गोष्ट न बोलता गृहीत धरलेली असते: प्रश्न काय तो खऱ्या इतिहासाशी जुळण्याचा आहे. तो तसा नाहीच. अशक्य गोष्टीची सूट लेखकाला खुशाल द्यावी. पण त्या सुटीचा खर्च गोष्टीतल्या कोणीतरी भरलेला दिसला पाहिजे. तो दिसत नाही तेव्हा कादंबरी तर्कात कच्ची राहते, हे एक झालंच. त्याहून वाईट म्हणजे ती नकळत सरदाराची भाट होते.

आधी भाकरीचंच बघू. लढाईच्या घोड्याला रोज चार-पाच किलो दाणा लागतो, निदान तेवढीच वैरण आणि तीस-चाळीस लिटर पाणी. माणसाला किलोभर धान्य. म्हणजे दहा हजार स्वारांच्या तुकडीला, प्रत्येकी एकच घोडा धरला तरी, रोज सुमारे ५५ टन धान्य हवं. दहा दिवसांचे साडेपाचशे टन. लादलेला बैल शंभर-सव्वाशे किलो वाहतो आणि दिवसाला दहा-पंधरा किलोमीटर चालतो. तेव्हा दहा दिवसांच्या शिध्यासाठी पाच हजार बैल आले, त्यांना हाकणारे आले, आणि बैलांना चरायला रान आलं. वैरण तर बरोबर नेताच येत नाही, ती वाटेतच मिळवावी लागते. म्हणून मोठी फौज एका मुक्कामी चार-सहा दिवसांहून जास्त राहिली की आसपासचं गवत संपतं आणि वैरणीला गेलेल्या टोळ्या रोज आणखी लांब जाऊ लागतात. त्या लांब गेल्या की शत्रू त्यांनाच गाठतो. दख्खनेत स्वाऱ्या दसऱ्याला का निघत? नद्या उतरलेल्या असत, रानात गवत असे, खरिपाचं पीक हाताशी येत असे. सीमोल्लंघनाचा मुहूर्त पंचांगाइतकाच गवताने ठरवलेला आहे.

फौजेची पुरवठ्याची वाट तुटली की काय होतं, हे मराठी वाचकाला वेगळं सांगायला नको. मराठ्यांनी कुंजपुरा घेतल्यावर अब्दाली यमुना उतरून दक्षिणेच्या वाटेवर आला, आणि नोव्हेंबर १७६० पासून भाऊसाहेबांची छावणी पानिपतला अडकून पडली. डिसेंबरात गोविंदपंत बुंदेले मारले गेले, तशी उरलीसुरली रसदही आटली. १४ जानेवारीला जे लढायला बाहेर पडले ते उपाशी होते, त्यांची घोडी त्यांच्याहून उपाशी होती. विश्वासरावांना गोळी लागली तो क्षण आपण पाठ करतो. पण त्याआधीच्या अडीच महिन्यांत, बाजारबुणगे, यात्रेकरू आणि बायकापोरं यांच्यासकट, ती लढाई बरीचशी हरलेली होती. आता यात ड्रॅगन घाला. भाऊंकडे एक ड्रॅगन असता तर रसदीची वाट मोकळी झाली असती का? कदाचित. पण त्या ड्रॅगनने त्या छावणीत काय खाल्लं असतं? हा प्रश्न सोडून देणाऱ्या लेखकाला पानिपत लिहिता येणार नाही, फक्त त्याचा शेवटचा दुपारचा भाग लिहिता येईल.

युद्धाचा खर्च राजाच्या डोक्यात कसा असतो याचा नमुना हवा असेल तर शिवाजी महाराजांचं चिपळूणच्या बाजूला छावणी करून राहिलेल्या लष्कराच्या अधिकाऱ्यांना लिहिलेलं पत्र काढून वाचावं. भाजीच्या देठाचा उल्लेख सगळ्यांना माहीत असतो, पुढचं फारसं कोणी वाचत नाही. पावसाळ्यासाठी साठवलेला दाणागवत आत्ताच बेफिकिरीने उधळलात तर पुढे मिळणार नाही, घोडी मरतील, म्हणजे ती तुम्हीच मारल्यासारखं होईल; मग तुम्ही कुणब्यांच्या घरचं धान्य, भाकरी, गवत, लाकूड उचलायला लागाल आणि लोक म्हणतील यांच्यापेक्षा मोगल बरे. त्यानंतर उंदीर येतो. रात्री दिवा जळता ठेवलात तर उंदीर पेटती वात ओढून नेईल, गवताच्या गंजीला आग लागेल, आणि गवत गेलं की पागा गेली. राजा उंदरापर्यंत विचार करतोय! कित्येक कादंबऱ्यांतल्या काळ्या झग्याच्या सम्राटांनी शंभर पानं खलबतं करूनही सत्ता म्हणजे काय हे एवढं दिसत नाही. आणि हे रटाळ आहे का? मला तरी त्यात कोणत्याही द्वंद्वयुद्धापेक्षा जास्त ताण दिसतो.

विरोधी बाजूचा सगळ्यांत भक्कम मुद्दा मात्र आपल्याच घरातून येतो. महाभारताने कुठे हिशेब ठेवलाय? एका अक्षौहिणीत २१,८७० रथ, तितकेच हत्ती, ६५,६१० घोडे आणि १,०९,३५० पायदळ, अशा अठरा अक्षौहिणी कुरुक्षेत्रावर. हत्तीला रोज दीडशे किलो चारा धरला तर एकाच अक्षौहिणीतल्या हत्तींना ३,२८० टन, अठरांच्या हत्तींना ५९ हजार टन, तोही एका दिवसाचा. साफ अशक्य. तरी दोन हजार वर्षं ते वाचून कोणाचा घास अडला नाही. मारुतीने उड्डाणाआधी काय खाल्लं असं विचारणारा माणूस रसिक नव्हे, हे खरंच आहे. शिवाय अद्भुत गोष्ट समजावून सांगितली की मरते, हाही अनुभव खोटा नाही. जादूच्या प्रत्येक ठिणगीला कोष्टक जोडणाऱ्या कादंबऱ्या हल्ली भरपूर निघतात. त्या वाचताना मंत्राऐवजी वीजबिल वाचल्यासारखं वाटतं.

हे मान्य करूनही मुद्दा सुटत नाही, कारण महाभारत आकड्यात सैल आहे, किमतीत नाही. कर्णाची वासवी शक्ती एकदाच सुटते. ती त्याने अर्जुनासाठी जपून ठेवलेली असते आणि रात्रीच्या युद्धात घटोत्कचावर खर्चावी लागते. भीमाचा मुलगा पडल्यावर पांडव शोकात असताना कृष्ण आनंदाने नाचतो, ते या हिशेबामुळेच. नारायणास्त्रासमोर शस्त्र खाली ठेवलं की ते शांत होतं, आणि ते पुन्हा वापरता येत नाही. अश्वत्थाम्याला ब्रह्मशिर सोडता येतं, मागे घेता येत नाही, म्हणून ते अखेर उत्तरेच्या गर्भावर जातं. यातल्या एकाही अस्त्राचं यंत्र उघडून दाखवलेलं नाही. ते काय घेऊन जातं, एवढंच दाखवलंय. आणि युद्ध संपल्यावर सगळं स्त्रीपर्व त्या किमतीचं आहे. लोकांनी तर उरलेला प्रश्नही सोडला नाही: एवढ्या सैन्याला जेवायला कोण घालत होतं? त्याचं उत्तर म्हणून उडुपीच्या राजाने दोन्ही बाजूंना जेवू घातल्याची दंतकथा तयार झाली. तिच्या एका प्रचलित रूपात कृष्णाने किती शेंगदाणे खाल्ले यावरून राजा दुसऱ्या दिवशी किती माणसं मरणार हे ओळखतो आणि तेवढाच स्वयंपाक करतो. (शेंगदाणा दक्षिण अमेरिकेतून आलेला, तेव्हा कथा फार जुनी नसावी, पण प्रश्न जुना आहे.) फँटसीला आजचं रूप देणाऱ्या टोल्कीनने १९३९ मधल्या व्याख्यानात हेच वेगळ्या अंगाने मांडलं होतं. हिरवा सूर्य असं कोणीही म्हणू शकतं, तो जिथे पटेल असं जग उभं करायला मात्र मेहनत आणि विचार लागतो. आपल्या कादंबरीतल्या चंद्राच्या कला तारखांशी जुळाव्यात म्हणून हा माणूस प्रकरणं दुरुस्त करत बसायचा.

आता ड्रॅगनकडे येऊ. त्याच्या उडण्याला सूट देऊन टाका. आजवर सापडलेला सर्वांत मोठा उडणारा प्राणी, क्वेट्झालकोॲटलस, पंख पसरल्यावर दहा-अकरा मीटर भरायचा आणि त्याचं वजन दोन-अडीचशे किलोच्या आसपास मानतात. लांबी दुप्पट केली की पंखाचं क्षेत्रफळ चौपट होतं आणि वजन आठपट, त्यामुळे हत्तीएवढा ड्रॅगन उडणार नाही. ठीक आहे, उडाला. पण खाण्याची सूट कशाला? पाच टनांचा, उष्ण रक्ताचा मांसाहारी प्राणी धरू. सिंह साधारण १९० किलोचा, त्याला सरासरी रोज सहाएक किलो मांस लागतं. ड्रॅगन वजनाने त्याच्या २६ पट आहे, पण भूक २६ पट होत नाही. प्राण्याची ऊर्जेची गरज वजनाच्या पाऊण घाताने वाढते, हा माक्स क्लायबरने १९३२ मध्ये मांडलेला नियम. त्याने भूक बारापटीच्या आत राहते. म्हणजे रोज सत्तर किलो, तेही नुसतं पडून राहण्याचं. उडण्याचा खर्च वेगळा. आपल्याकडच्या मेंढीतून आतड्यांसकट खाण्याजोगं पंधरा किलो निघालं तर दिवसाला पाच मेंढ्या, वर्षाला अठराशेवर. मेंढीला वर्षाला साधारण एक कोकरू, त्यातलं काही दगावतं, काही माद्या कळप टिकवायला ठेवाव्या लागतात. हे सगळं धरलं तर एका ड्रॅगनमागे अडीच-तीन हजार माद्यांचा कायमचा कळप हवा. दोनशे-दोनशेचे तेरा-चौदा वाडे, त्यांची माणसं, कुत्री, पावसाळ्यात एकीकडे आणि उन्हाळ्यात दुसरीकडे चराई. तीन ड्रॅगन म्हणजे तालुकाभर धनगर एका सिंहासनासाठी राबतायत.

मग सांगा, कादंबरी कोणाची व्हायला हवी? ड्रॅगनवर बसलेल्या राजकन्येची जरूर व्हावी. पण तिची सत्ता त्या वाड्यांवर उभी आहे. मेंढ्यांना रोग आला की ड्रॅगन भुकेला राहतो, भुकेला ड्रॅगन हुकूम ऐकत नाही, आणि वाड्याने कळप रातोरात डोंगरापलीकडे हाकलला तर बिनतलवारीचं बंड होतं. हे कथानक फुकट पडलेलं आहे आणि बहुतेक लेखक ते उचलत नाहीत. कोणाला ही भूक नको असेल तर ड्रॅगन थंड रक्ताचा करता येतो. मगरीसारखा असला तर गरज दहावा हिस्सा, सात किलोत भागेल. पण मग तो पहाटेच्या थंडीत हलणार नाही, ऊन अंगात मुरेपर्यंत पडून राहील, आणि शत्रू नेमका पहाटे येईल. कुठलाही पर्याय घ्या, काहीतरी द्यावं लागतं. "हे काल्पनिक आहे" म्हणणारा वाचक लेखकाचा कैवार घेतोय असं त्याला वाटतं. प्रत्यक्षात तो लेखकाच्या हातातली सगळ्यांत चांगली माती काढून घेतोय.

निषिद्ध जादूचंही तेच. शेकडो वर्षांपूर्वी कोणत्या तरी परिषदेने जादूवर बंदी घातली, सगळ्यांनी ती निमूट पाळली, आणि आता नायकाला अचानक ती येते. बंदी अशी चालते का? ११३९ मध्ये चर्चच्या दुसऱ्या लॅटरन परिषदेने ख्रिस्ती माणसांविरुद्ध आडधनुष्य आणि धनुर्विद्या वापरायला मनाई केली. युरोपातल्या राजांनी आडधनुष्यवाले पगारावर ठेवणं थांबवलं नाही, आणि ११९९ मध्ये इंग्लंडचा पहिला रिचर्ड फ्रान्समधल्या शालू गावच्या किल्ल्यापुढे आडधनुष्याच्याच बाणाने जखमी होऊन मेला. जपानमध्ये १५८८ मध्ये तिथला सत्ताधीश हिदेयोशी याने शेतकऱ्यांच्या तलवारी गोळा केल्या. बुद्धाच्या भव्य मूर्तीसाठी खिळे हवेत, असं कारण दिलं. सामुराईंच्या तलवारी कमरेलाच राहिल्या. आपल्याकडे १८७८ च्या शस्त्र कायद्याने बंदुकीला परवाना लागू झाला, गोऱ्यांना त्यातून सूट होती. बंदी सगळ्यांना सारखी कधीच नसते. ती ज्यांच्याकडे ती वस्तू आधीपासून असते त्यांनी लिहिलेली असते. तेव्हा जादूबंदीच्या कादंबरीत पहिला प्रश्न हा, की परवाना कोणाकडे आहे?

दुसरा प्रश्न कच्च्या मालाचा. बंदुकीची दारू म्हणजे ढोबळ मानाने ७५ भाग सोरा, १५ कोळसा, १० गंधक. कोळसा कुठेही होतो, सोऱ्याचं तसं नाही. तो गोठ्याच्या, पागेच्या, जुन्या भिंतींच्या मुतरट मातीतून धुऊन, राख घालून, उकळून काढायचा. इंग्लंडमध्ये राजाचे सोरेवाले लोकांचे गोठे आणि कबुतरखाने खणून जात. पहिल्या चार्ल्सने १६२६ मध्ये प्रजेने स्वतःचं आणि जनावरांचं मूत्र साठवून ठेवावं असं फर्मानच काढलं. पुढे कंपनीच्या जहाजांतून बिहारचा सोरा जाऊ लागला, तो काढणारे नोनिया मातीतच राबत राहिले. एवढी घाण, एवढा जुलूम आणि एवढा व्यापार एका चिमूटभर काळ्या पुडीमागे असतो. आणि कादंबरीतली जगबुडी आणणारी विद्या? ती मात्र नायकाच्या "आतून" येते. आतून आलेल्या शक्तीला ना खाण लागते, ना मजूर, ना दलाल. त्यामुळे तिच्यावर बंदी घालणारे मूर्ख ठरतात आणि ती वापरणारा जन्मजात थोर. ही फार सोयीची मांडणी आहे, आणि सरदारांच्या वंशावळींना ती नेहमीच आवडत आलेली आहे.

आता दुसऱ्या पक्षाकडे, म्हणजे "इतिहासात असंच होतं" म्हणणाऱ्यांकडे. त्यांच्याबद्दल मला जास्त तक्रार आहे, कारण हे लोक इतिहासाचं नाव घेऊन त्यातलं सोयीचं तेवढंच उचलतात. पानापानांवर अत्याचार, कारण काळच क्रूर होता. लढाईच्या मुलखात बायका दिसत नाहीत, कारण काळच तसा होता. पण त्याच काळातल्या छावणीत धान्य विकणारे होते, तांडा हाकणाऱ्या बंजारा बायका होत्या, दळणारी-रांधणारी माणसं होती; ती कुठे गेली? मल्हारराव होळकर १७६५ मध्ये सुनेला पत्र लिहून तोफखाना ग्वाल्हेरकडे न्यायला आणि दारूगोळ्याची तजवीज करायला सांगतात, तेही मध्ययुगीनच वळण आहे ना? खरा शिलेदार लढाईत अंग राखून असतो, कारण घोडा त्याचा स्वतःचा आहे. घोडा मेला तर तो बारगीर होतो, दुसऱ्याच्या घोड्यावर बसणारा पगारी नोकर. जपानी दाइम्यो, म्हणजे तिथला सरदार, किती मोठा हे तलवारीने ठरत नसे, त्याचा मुलूख किती कोकू तांदूळ पिकवतो यावर ठरे. एक कोकू म्हणजे सुमारे दीडशे किलो, ढोबळ मानाने एका माणसाचं वर्षाचं पोट, आणि दहा हजार कोकूंखाली दाइम्यो म्हणवता येत नसे. १९१६ नंतरच्या चीनमध्ये सिच्वानच्या लष्करशहांनी शेतसारा पुढच्या कित्येक दशकांचा आगाऊ वसूल केला. इतिहासाची एवढी हौस असेल तर हे आणा. रक्त आणि चिखल म्हणजे वास्तव, हा समज सिनेमातून आलेला आहे. सरदारीचं वास्तव वसुलीच्या वहीत सापडतं.

मग काय, कादंबरीत तक्ते छापायचे? मुळीच नाही. ही भीती मात्र रास्त आहे, आणि वर ज्या कोष्टकवाल्या कादंबऱ्या म्हटल्या त्यांनी ती खरी करून दाखवली आहे. हिशेब लेखकाने करायचा असतो, वाचकाला फक्त त्याचा परिणाम दिसावा. फौज रोज पंधरा किलोमीटर चालते हे लेखकाने एकदा कागदावर मांडलं की तीनशे किलोमीटरांवरच्या किल्ल्यावर मदत विसाव्या दिवशी पोचेल, आणि किल्ल्यात पंधरा दिवसांचंच पाणी असेल तर पुढचं प्रकरण आपोआप लिहून होतं. जादू करणाऱ्याच्या हाताची बोटं काळी पडलेली असली की कोष्टकाची गरज उरत नाही. ड्रॅगनचा उल्लेख येईल तिथे तिथे एकदा तरी कोणीतरी मेंढ्यांचा भाव वाढल्याची कुरकुर करावी, एक वाक्य पुरतं.

घरं आणि किल्ले मात्र एका वाक्यात भागत नाहीत, आणि नेमकी तिथेच बहुतेक कादंबऱ्या उघड्या पडतात. १४९४ मध्ये फ्रान्सच्या आठव्या चार्ल्सने चाकांवरच्या तोफा घेऊन इटलीत पाऊल टाकलं, आणि उंच, पातळ तटांचे दिवस भरले. पुढच्या काही दशकांत तिथले तट बुटके, रुंद, मातीने भरलेले आणि कोनाकोनांचे झाले, कारण उंची ही आता तोफेला दिलेली सोय होती. एका शस्त्राने एवढ्या वेळात शहरांचा आकार बदलला. मग आभाळातून आग ओकणारा प्राणी ज्या देशात तीनशे वर्षं आहे, तिथे उंच टोकदार मनोरे अजून कसे उभे? राजवाड्याची गच्ची उघडी का? गावातली घरं गवताने शाकारलेली का? तिथे धान्याची पेवं जमिनीखाली हवीत, बाजार तळघरांत किंवा कपारींत भरायला हवा, आग विझवायचं पाणी साठवणारा कामगार सरदाराहून जास्त पगार घेत असला पाहिजे, आणि छपराला गवत घालणाऱ्याला दंड असला पाहिजे. लेखकाने हे बदललेलं नसेल तर त्याने ड्रॅगन आणलेलाच नाही. नेहमीच्या युरोपीय देखाव्यावर त्याचं चित्र चिकटवलंय.